कर्जाच्या कागदातले ‘बँकेच्या मते’

मागच्या लेखात ओघात एका क्लॉजचा उल्लेख केला होता: ‘मटेरियल ॲडव्हर्स चेंज’. परिस्थितीत लक्षणीय प्रतिकूल बदल झाला तर बँकेला उरलेले पैसे थांबवता येतील, दिलेले परत मागता येतील, किंवा धंदा विकत घेणाऱ्याला सौद्यातून अंग काढून घेता येईल, अशी ती सोय. उल्लेख एका ओळीचा होता, पत्रे मात्र बरीच आली. त्यातली सहा इथे घेते. पत्रे लांबलचक होती, ती कापली आहेत, आणि कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवले आहेत. करारातल्या मजकुराला मी ‘क्लॉज’ म्हणते आणि कायद्यातल्याला ‘कलम’. दोन्हींना एकच शब्द वापरला की माझाच गोंधळ होतो.

प्रश्न: मॅडम, भोसरी एमआयडीसीत आमचे प्रेसिंग आणि मशिनिंगचे वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनिंगची यंत्रे) घेण्यासाठी १ कोटी ८० लाखांचे टर्म लोन काढले, शिवाय ६० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाची उचल) आहे. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. आमचा निम्म्याहून जास्त माल चाकणच्या ज्या कंपनीला जायचा तिने एक मॉडेल बंद केले. स्टॉक स्टेटमेंटवरून ते बँकेच्या लक्षात आले. आता पत्र आले आहे की तुमच्या व्यवसायात ‘मटेरियल ॲडव्हर्स चेंज’ झाला आहे, ३० दिवसांत जादा तारण द्या, नाहीतर कर्ज परत मागवू. हप्ते वेळेवर असताना बँकेला असे करता येते का?

उत्तर: हप्ते वेळेवर आहेत हा इथे बचाव होत नाही, हे आधी सांगून टाकते. हप्ता चुकायच्या आधीच बँकेला हालचाल करता यावी म्हणून तर हा क्लॉज लिहिलेला असतो. हप्ता चुकल्यावर त्याची गरजच उरत नाही.

कायद्यातही उत्तर शोधत बसू नका. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यात हा शब्दप्रयोगच नाही. कागदावर जे लिहिले आहे तेवढाच हा क्लॉज. तुम्ही कराराच्या पानांचे फोटो पाठवलेत ते बरे केलेत. अडतीस पाने, आणि कडेने पिवळ्या चिठ्ठ्या. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक कर्जकरारांत त्या असतात आणि त्यांची जागा ठरलेली असते: ‘इथे सही’. तुमच्या करारात ज्या पानावर क्लॉज १४ (फ) आहे त्या पानावर चिठ्ठी नाही, कारण तिथे कोणाला तुमची सही नको होती. तो क्लॉज मराठीत साधारण असा होतो: ‘कर्जदाराच्या व्यवसायात, आर्थिक स्थितीत किंवा भवितव्यात, बँकेच्या मते, लक्षणीय प्रतिकूल बदल घडल्यास किंवा घडण्याची शक्यता असल्यास, बँकेला जादा तारण मागण्याचा, न दिलेली रक्कम रोखण्याचा आणि संपूर्ण येणे तात्काळ मागण्याचा अधिकार राहील.’

सगळे जण ‘लक्षणीय प्रतिकूल’वर अडतात. मी आधी ‘बँकेच्या मते’ बघते. ते शब्द नसते तर बदल खरोखर झाला हे बँकेला सिद्ध करावे लागले असते. ते आले की वाद सरकतो. आता बँकेचे तसे मत होते का आणि त्या मताला काही आधार होता का, एवढ्यावर भांडायचे उरते. मत प्रामाणिक हवे, त्यामागे आकडे हवेत, असा युक्तिवाद जरूर करता येतो. बँक सरकारी असेल तर मनमानीचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयातही जाता येते. पण ओझे तुमच्या डोक्यावर आले, हे खरे.

दुसरा जड शब्द ‘भवितव्यात’. म्हणजे आजचा ताळेबंद ठणठणीत असला तरी पुढचे लक्षण बरे दिसत नाही, एवढ्यावर काम भागते. त्याला ‘शक्यता असल्यास’ची जोड मिळाली की क्लॉज दोन्ही बाजूंनी सैल होतो. सैल बँकेच्या बाजूने, तुमच्या नव्हे.

लंडनच्या उच्च न्यायालयात २०१३ मध्ये ग्रुपो होतेलेरो उर्वास्को या स्पॅनिश हॉटेल समूहाच्या कर्जाचा वाद निकाली निघाला. तिथला क्लॉज ‘आर्थिक स्थिती’पुरता होता. न्यायाधीशांनी सांगितले की आर्थिक स्थिती म्हणजे आधी हिशेबाचे कागद. बाजार एकूण पडला हे त्यासाठी पुरेसे नाही. बदल तात्पुरता असेल तर तो धरायचा नाही, सही करताना कर्ज देणाऱ्याला जे ठाऊक होते ते नंतर ‘बदल’ म्हणून त्याला पुढे करता येणार नाही, आणि बदल झाला हे सिद्ध करायचे त्यानेच. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण बँकेला उत्तर लिहिताना त्यातली चौकट फार कामाची आहे.

ती तुम्हाला लावू. कर्ज मंजूर करताना दिलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये निम्म्याहून जास्त विक्री एकाच ग्राहकाला आहे असे लिहिले होते का? होते, तर ते अवलंबित्व बँकेने डोळसपणे स्वीकारले होते. मात्र इथे जपून. अवलंबित्व माहीत असणे वेगळे आणि ग्राहकाचे काम जाणे वेगळे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, तेव्हा त्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या सुट्या भागांच्या कामाचे काय होणार हा प्रश्न बँकांच्या फायलींत आलाच असणार. म्हणून तुमच्या उत्तराचा भर ‘हे तुम्हाला माहीत होते’ यावर कमी आणि ‘हे तात्पुरते आहे’ यावर जास्त ठेवा. गेल्या बारा महिन्यांची जीएसटी विवरणपत्रे, हातातले नवे पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), कोणाची ट्रायल लॉट मंजूर झाली असेल तर तो ईमेल, आणि हप्ता भरायला महिन्याला किती पुरते त्याचा एक पानी तक्ता. फोनवर काही बोलू नका. बोललात तर त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा.

आता बँक काय करू शकते. टर्म लोन आणि सीसी हे दोन वेगळे प्राणी आहेत. सीसी मुळातच मागताक्षणी परत करायची असते, नूतनीकरणाला ती कमी करायला बँकेला कोणत्याही क्लॉजची गरज लागत नाही. टर्म लोनचे तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ५ मे २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार कर्ज परत मागवण्याचा किंवा जादा तारण मागण्याचा निर्णय घेण्यापूर्वी करारात लिहिलेली मुदत, आणि तशी लिहिलेली नसेल तर वाजवी मुदत देऊन नोटीस द्यावी लागते. तुमच्या करारात किती दिवस आहेत ते बघा. ३० हा आकडा बँकेने कुठून आणला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

वर्कशॉपला उद्या कुलूप लागेल ही भीती मात्र काढून टाका. थकलेल्या कर्जासाठी तारणाचा ताबा बँक घेते ती सरफेसी कायदा, २००२ खाली, आणि त्याच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस खाते एनपीए (थकीत) झाल्यावरच निघते, आणि एनपीएसाठी येणे नव्वद दिवसांहून अधिक थकावे लागते. नुसत्या ‘प्रतिकूल बदला’वर ताबा घेता येत नाही. धोका आडवळणाने येतो. बँकेने पूर्ण कर्ज परत मागवले, तुमच्याकडे तेवढे पैसे नाहीत, आणि मागणीच्या तारखेपासून घड्याळ सुरू झाले. म्हणून परत मागवायच्या आधीच हालचाल करा. उद्यम नोंदणी आहे ना? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २९ मे २०१५ च्या अधिसूचनेने पुनरुज्जीवनाची एक चौकट आणली. २५ कोटींपर्यंतचे कर्ज असलेला उद्योग अडचण दिसू लागताच स्वतः बँकेच्या समितीकडे अर्ज करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी प्रो निट्सच्या प्रकरणात ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले, आणि त्याच दमात उद्योगानेही वेळेत कागदांसह पुढे यायला हवे, असेही बजावले. खाते एनपीए झाल्यावर ‘आम्ही लघुउद्योग’ म्हणत गेलात तर उशीर झालेला असेल.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडून इथे फार आशा ठेवू नका. लोकपालाच्या योजनेत बँकेचा व्यावसायिक निर्णय हा तक्रारीचा विषय होत नाही. नोटीसच दिली नाही, कराराची प्रत दिली नाही, अशा तक्रारी तिथे चालतात.

राहिले तारण. माझा अनुभव असा की बँकेच्या अधिकाऱ्याला तुमची व्हीएमसी नको असते, फाइलीला लावायला कागद हवा असतो. वरून ऑडिट येणार असते. त्यामुळे राहते घर लगेच पुढे करू नका. आधी दरमहा विक्रीचा अहवाल, थोडी एफडी तारण, सीसीची मर्यादा सहा महिन्यांसाठी स्वतःहून कमी करणे, असे काही देऊ करा. घर एकदा गहाण गेले की कर्ज फिटेपर्यंत ते मोकळे करून घेणे किती कठीण, ते विचारायला शेजारच्या शेडपर्यंत गेलात तरी पुरेल.

प्रश्न: आमचे सीए म्हणतात, हल्ली बँक केएफएस देते, त्यात सगळे असते, जाडजूड करार वाचायची गरज नाही. खरे का?

उत्तर: नाही. केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाच्या मुख्य तपशिलांचा छोटा तक्ता. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या नव्या किरकोळ आणि एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) टर्म लोनना बंधनकारक झाला ते फार चांगले झाले. त्यात वार्षिक खर्चाचा दर कळतो, शुल्के कळतात, वसुली एजंट आणि तक्रारीचा पत्ता कळतो. कर्ज कोणत्या कारणांनी परत मागवता येईल हे मूळ करारातच राहते. पण त्याच परिपत्रकात एक सोय आहे: सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी केएफएस किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहते, म्हणजे विचार करायला तेवढा वेळ मिळतो. त्या तीन दिवसांत कराराचा नमुना मागून घ्या आणि ‘इव्हेंट्स ऑफ डिफॉल्ट’ (काय घडले की करार मोडला असे धरतात) हे पान वाचा. सीएंना फी त्या पानाची द्या.

प्रश्न: ताई, आमचे आजोबांपासूनचे फरसाण-चिवड्याचे काम. दुकान सदाशिव पेठेत, कारखाना धायरीला. मुंबईची एक कंपनी सगळे विकत घेते आहे. करारावर सही ऑगस्टमध्ये, पैसे डिसेंबरमध्ये, कारण अन्नपरवाना आणि जागामालकाची संमती यात चार महिने जातील. मधल्या काळात धंद्यात ‘लक्षणीय प्रतिकूल बदल’ झाला तर त्यांना माघार घेता येईल, असा क्लॉज आहे. भाऊ म्हणतो, हे सगळीकडे असते, कर सही. करू का?

उत्तर: भाऊ बरोबर बोलतो आहे, पण अर्धेच. क्लॉज सगळीकडे असतो, त्याच्या खालची अपवादांची यादीही सगळीकडे असते. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात यादी नाही. ती मागा. मागितल्यावर ते दचकणार नाहीत, त्यांच्या वकिलाने ती तयार ठेवलेली असते. फक्त आपणहून काढत नाहीत.

यादीत काय हवे ते तुमच्याच कढईवरून सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून थेट २० टक्के केले, मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले. अशा वेळी तळणाऱ्या प्रत्येकाचा नफा हलतो. त्यात तुमचा काही दोष नाही आणि तो धंदा विकत घेणाऱ्याचाही धोका आहेच. म्हणून अर्थव्यवस्था, संपूर्ण उद्योग, कर आणि कायद्यातले बदल, साथीचे रोग, आणि या विक्रीची बातमी फुटल्यामुळे झालेला परिणाम, हे सगळे ‘बदला’तून वगळा. शेवटचे विसरू नका. ‘दुकान मुंबईवाल्यांनी घेतले’ एवढे कानावर पडताच चार जुने कारागीर निघून गेले, तर तो सौद्याचाच परिणाम आहे. ते मग अपवादाला अपवाद मागतील: उद्योगातल्या इतरांपेक्षा तुमच्यावर बराच जास्त परिणाम झाला तर वगळणी लागू नाही. ही मागणी रास्त असते, द्या. पण ‘इतर’ म्हणजे कोण ते लिहून घ्या. हजारो कोटींच्या वेफर्स कंपन्यांशी तुमची तुलना नको.

दुसरी गोष्ट तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही. दिवाळी! २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्याने ते ८ नोव्हेंबरला येते. मसुद्यात ‘मागील वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत विक्रीत ३० टक्के घट’ असे मोजमाप आहे. फराळाची विक्री पुढच्या महिन्यात सरकली की ऑक्टोबरचा आकडा कागदावर कोसळणार, आणि तो कोसळला की क्लॉज जागा होणार. पंचांगाने तुमचा सौदा मोडू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाही एकत्र धरा, किंवा सलग दोन तिमाहींची अट घाला.

हा क्लॉज वापरून खरोखर बाहेर पडणे किती अवघड, याचा अमेरिकेतल्या डेलावेअरच्या न्यायालयाने चांगला धडा घालून दिला आहे. २००१ मध्ये टायसन या कोंबडीमांसवाल्या कंपनीला आयबीपी या दुसऱ्या मांस कंपनीची खरेदी सोडायची होती. एका पडेल तिमाहीवर सौदा मोडता येत नाही, दीर्घकाळ टिकणारा फटका हवा, असे सांगून न्यायालयाने तिला खरेदी पुरी करायला लावली. पुढची सतरा वर्षे त्या न्यायालयात या क्लॉजवर एकही खरेदीदार जिंकला नाही. २०१८ मध्ये फ्रेसेनियसने एकॉर्न या औषध कंपनीची सुमारे ४.३ अब्ज डॉलरची खरेदी सोडली ती पहिली. तिथे नफा सलग चार तिमाही गडगडला होता, आणि भर म्हणजे औषधांच्या चाचण्यांच्या नोंदींतच घोळ सापडला होता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निरमाला ओपन ऑफर (भागधारकांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव) मागे घेऊ दिली नाही. ज्या कंपनीचे शेअर घ्यायचे तिच्यातला घोटाळा नंतर कळला, असे निरमाचे म्हणणे होते. तपास आधी करायचा होता, असे उत्तर मिळाले. ते प्रकरण शेअरबाजारातल्या कंपनीचे, सेबीच्या नियमांचे. तुमचा खासगी करार आहे, त्याला ते जसेच्या तसे लागू होत नाही. पण न्यायालयाचा कल दिसतो.

मग काळजी कसली? दोन गोष्टींची. एक, क्लॉज कोर्टात जाण्यासाठी कमी आणि भाव पाडण्यासाठी जास्त वापरला जातो. २०२० मध्ये एलव्हीएमएचने टिफनीचा सौदा मोडायची भाषा इतर कारणांसोबत हेही कारण देऊन केली, दोघे कोर्टात गेले, आणि शेवटी भाव शेअरमागे १३५ डॉलरवरून १३१.५० वर येऊन सौदा झाला. नोव्हेंबरात तुम्हालाही ‘बघा, बदल झाला आहे, थोडे कमी करा’ असा फोन येऊ शकतो. तोपर्यंत तुम्ही दुसरा गिऱ्हाईक सोडलेला असेल.

दोन, शेजारचा क्लॉज. ‘मधल्या काळात धंदा नेहमीच्या पद्धतीने चालवीन.’ २०२० मध्येच मिराए या कोरियन समूहाने १५ हॉटेलांची ५.८ अब्ज डॉलरची खरेदी सोडली. कोविड हा ‘प्रतिकूल बदल’ ठरला नाही, तो अपवादात बसला. पण विकणाऱ्याने साथीमुळे काही हॉटेले बंद केली आणि बाकीच्यांतली माणसे कमी केली, तीही खरेदीदाराला न विचारता. मग धंदा ‘नेहमीसारखा’ कुठे राहिला? खरेदीदार सुटला. दारावर पहारा बसवला आणि खिडकी उघडी राहिली. तुम्ही या चार महिन्यांत चिवड्याच्या पाकिटाचे वजन बदलणार असाल, नवा फ्रायर बसवणार असाल किंवा दिवाळीला उधारीचे दिवस वाढवणार असाल, तर ईमेलने आधी संमती मागा. आणि करारात लिहून घ्या की सात दिवसांत उत्तर आले नाही तर संमती धरली जाईल.

सही ऑगस्टमध्येच करा, पण या मसुद्यावर नको.

प्रश्न: पिरंगुटला फॅब्रिकेशन आहे. एका गोदामाच्या शेडचे काम ठरलेल्या दराने घेतले, मध्येच स्टीलचे भाव चढले, आता प्रत्येक टनाला तोटा आहे. करारात असा क्लॉज नाही. तरी ‘परिस्थिती बदलली’ म्हणून काम सोडता येईल का?

उत्तर: नाही येणार. क्लॉज नसेल तर उरते करार कायद्याचे कलम ५६, आणि ते अशक्यतेसाठी आहे. सत्यब्रत घोष प्रकरणात १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशक्य म्हणजे अक्षरशः अशक्य असेच नव्हे, असे सांगितले खरे, पण कराराचा पायाच उखडला पाहिजे. महाग पडणे हा पाया उखडणे नव्हे. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात इंडोनेशियाचा कोळसा तिथल्या नियमांमुळे महागला म्हणून वीज कंपन्यांना सुटका मागायची होती, ती मिळाली नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी ऐन भरात असताना, मुंबई उच्च न्यायालयाने पोलाद आयातदारांना लेटर ऑफ क्रेडिटचे (विकणाऱ्याला बँकेने दिलेल्या हमीचे) पैसे रोखू दिले नाहीत.

फोर्स मॅज्युअर म्हणूनही हे खपणार नाही. तो क्लॉज काम करताच येत नाही अशा वेळचा असतो. काम करता येते पण परवडत नाही, ही तुमची स्थिती. मालकाशी बोलून भाववाढ निम्मी-निम्मी करता आली तर करून टाका आणि त्याची पुरवणी दोघांच्या सहीने करा. पुढच्या कोटेशनमध्ये दर किती दिवसांसाठी वैध आणि स्टील किती टक्क्यांहून जास्त हलले तर फरक कोणाचा, या दोन ओळी घाला.

प्रश्न: हिंजवडीतली नोकरी गेल्या महिन्यात गेली. वाघोलीला बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटसाठी ६२ लाख मंजूर झाले होते, पैकी ३८ लाख बिल्डरला गेलेत. बँकेला कळवू का? न कळवता नवी नोकरी मिळेपर्यंत ढकलावे असे वाटते.

उत्तर: गेलेल्या ३८ लाखांची चिंता कमी करा, हप्ता भरत राहिलात तर गृहकर्ज एवढ्यावर परत मागवलेले मी पाहिलेले नाही. प्रश्न उरलेल्या २४ लाखांचा आहे. न दिलेली रक्कम रोखणे बँकेला सगळ्यात सोपे असते, मंजुरीपत्रात ती मुभा बहुधा असतेच. आणि नोकरीतला बदल कळवायची अटही बहुधा असते. ती मोडलीत तर नोकरी जाणे राहिले बाजूला, लपवणे हाच तुमचा दोष होऊन बसतो.

तेव्हा कळवा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. कंपनीने सोडताना दिलेली रक्कम, शिल्लक किती महिन्यांचे हप्ते भरेल त्याचा हिशेब, आणि पती किंवा पत्नी नोकरीत असल्यास सहअर्जदार म्हणून घालायची कागदपत्रे घेऊन जा. बिल्डरचा पुढच्या स्लॅबचा मागणीपत्र यायच्या आत गेलात तर बरे. बँकेने रक्कम रोखली म्हणून बिल्डरकडची तुमची जबाबदारी थांबत नाही, रेरा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे उशिराच्या हप्त्यावर व्याज तुम्हालाच लागते.

प्रश्न: वय ७१, निवृत्त शिक्षक, कोथरूड. भाच्याने कर्वेनगरला हॉल चालवायला घेतला, त्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो. आता फ्लॅट विकून ज्येष्ठांच्या निवासात जायचे मनात आहे. भाचा म्हणतो, मामा, तुमच्या मालमत्तेत बदल झाला तर बँक माझे कर्ज परत मागेल. हे काय नवीन? जामीनकी मागे घेता येईल का?

उत्तर: काका, भाचा खरे बोलतो आहे. बँकांच्या छापील नमुन्यात ‘कर्जदाराच्या’ याच्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘किंवा जामीनदाराच्या’ असे असते. तुमची आर्थिक स्थिती खालावली तरी क्लॉज त्याच्यावर चालतो. आणि करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच तुमची. बँकेने आधी भाच्याच्या मागे लागावे, मग तुमच्या, असा क्रम कायद्यात नाही.

मागे घेण्याचे म्हणाल तर कलम १३० मध्ये चालू जामीनकी (एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेली) पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन थांबवता येते. भाच्याचे कर्ज टर्म लोन असेल आणि सगळी रक्कम दिली गेली असेल, तर थांबवायला पुढचे काही उरलेले नाही. सीसी असेल तर उपयोग आहे. कलम १३३ मध्ये तुमच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यापुढच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो, पण हा हक्क सोडून दिल्याची ओळ तुम्ही सही केलेल्या कागदात जवळजवळ नक्की असणार.

फ्लॅट गहाण नसेल तर तो विकायला कायद्याची आडकाठी नाही. बघायचे एवढेच की जामीनपत्रासोबत मालमत्तेचे जे विवरण तुम्ही दिले होते त्यात हा फ्लॅट दाखवला आहे का, आणि बँकेच्या संमतीशिवाय विकणार नाही असे लिहून दिले आहे का. दिले असेल तर आधी बँकेला पत्र: फ्लॅट विकतो आहे, येणाऱ्या रकमेपैकी अमुक एवढी एफडीत ठेवतो, संमती द्या. तुमचे निवृत्तिवेतन आणि ती एफडी मिळून बँकेचे समाधान होण्यासारखे असेल, तर बहुतेक वेळा संमती मिळते.

जामीनपत्राची प्रत तुमच्याकडे नसेल. शंभरात नव्वद जामीनदारांकडे नसते, हा माझा अंदाज, मोजदाद नव्हे. शाखेला लेखी मागा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट आणि पोचपावती असे सांगा. किंवा स्वतः जाऊन तुमच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. प्रत हाती आली की ‘किंवा जामीनदाराच्या’ हे शब्द ज्या पानावर असतील त्याचा फोटो मला पाठवा. तोवर फ्लॅटचा टोकन घेऊ नका.